आर्किटेक्चरची पाच वर्षं: अकरावीपासून नोंदणीपर्यंत काय, कधी आणि कसं करायचं

मुलाने किंवा मुलीने आर्किटेक्चरला जायचं म्हटलं की घरात पहिला प्रश्न येतो, ‘चित्रकला कशी आहे?’ एलिमेंटरी-इंटरमीजिएटला ए ग्रेड असेल तर सगळे निश्चिंत होतात. हात चांगला असणं उपयोगाचं आहेच. पण स्टुडिओत, म्हणजे डिझाइनच्या वर्गात, मुलांसोबत काम करताना मला सतत दिसत आलंय की पुढे जाणारी मुलं दोन सवयींच्या जोरावर पुढे जातात. ती मोजतात: जिना चढताना पायऱ्या मोजतात, बाकावर बसल्यावर त्याची उंची वितीने बघतात, नव्या खोलीत शिरल्यावर लांबी-रुंदीचा अंदाज बांधतात आणि तो बरोबर आला का ते तपासतात. आणि ती कच्चं काम लपवत नाहीत. पुढचं सगळं या दोन सवयी धरून लिहिलंय.

अकरावी-बारावी: परीक्षांचा गुंता

बी.आर्च. ही पाच वर्षांची, दहा सत्रांची पदवी. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवंच. अकरावीला विषय निवडताना गणित सोडलं तर हा रस्ता तिथेच बंद होतो, म्हणून हा निर्णय दहावीच्या निकालानंतर लगेच घ्यावा लागतो. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा गणितासह केला असेल तर त्यावरूनही येता येतं.

दरवर्षी एक गैरसमज दिसतो: एमएचटी-सीईटी दिली म्हणजे आर्किटेक्चरचंही झालं. तसं नाही. इथे अभियोग्यता (अॅप्टिट्यूड) चाचणी लागते. पहिली ‘नाटा’, जी कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर ही आर्किटेक्टांची नोंदणी करणारी राष्ट्रीय संस्था २००६पासून घेते. अलीकडच्या वर्षांत ती २०० गुणांची आहे. त्यातले ८० गुण कागदावरच्या चित्ररचनेला आणि दिलेल्या साहित्यातून त्रिमितीय रचना करण्याला, तर १२० गुण संगणकावरच्या प्रश्नांना. दुसरी जेईई मेनचा पेपर २ए: गणित, अभियोग्यता आणि ड्रॉइंग. नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या राष्ट्रीय संस्थेत जायचं असेल तर ही द्यावी लागते, प्रवेश ‘जोसा’ या केंद्रीय जागावाटप यंत्रणेमार्फत होतो. खरगपूर, रुरकी आणि वाराणसीच्या आयआयटींसाठी आधी जेईई अॅडव्हान्स्ड आणि मग त्यांची वेगळी अभियोग्यता चाचणी. महाराष्ट्रातल्या कॉलेजांचे प्रवेश सीईटी सेलच्या कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या, फेऱ्यांमधून होतात. तारखा आणि नियम बदलत असतात, त्यामुळे त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा, क्लासच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विसंबू नका.

तयारीसाठी रोज अर्धा तास पुरतो, पण तो खरंच रोज द्यायला हवा. समोर दिसतं ते काढा: स्वयंपाकघराचा ओटा, रिक्षा स्टँड, एसटीची रांग. माणूस प्रत्येक चित्रात हवाच, कारण माणसाशिवाय मोठं-लहान कळत नाही. रंगापेक्षा आधी पर्स्पेक्टिव्ह आणि सावली पक्की करा. घरात मिळणाऱ्या पुठ्ठ्यातून रोज एखादी छोटी रचना करून बघा. त्रिमितीय प्रश्नासाठी याहून चांगला सराव मला माहीत नाही.

पैशाचं बोलायला संकोचू नका. कॅपमधून प्रवेश घेतला तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसारख्या योजना महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून मिळतात. २०२४पासून राज्य सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ केलंय. उत्पन्नाचा दाखला, जात प्रमाणपत्र, अधिवास हे कागद बारावीच्या परीक्षेआधीच काढून ठेवा. निकालानंतर तहसीलदार कार्यालयात सगळा जिल्हा लोटतो.

कॉलेज निवडताना

सगळ्यात आधी कॉलेजला कौन्सिलची मान्यता चालू आहे का, ते कौन्सिलच्या यादीत बघा. मान्यता नसेल तर पुढे आर्किटेक्ट म्हणून नोंदणी होत नाही, आणि मग पाच वर्षांना अर्थ उरत नाही.

मुंबईत जे.जे. या आर्किटेक्चर कॉलेजची परंपरा जुनी. पुण्यात जन्मलेले आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी तिथेच शिकले आणि २०१८ साली प्रिट्झकर हा आर्किटेक्चरमधला सर्वोच्च मानला जाणारा पुरस्कार मिळवणारे पहिले भारतीय ठरले. आचऱ्याचे आर्किटेक्ट अच्युत कानविंदेही जे.जे.चेच. प्रभादेवीची अॅकॅडमी ऑफ आर्किटेक्चर, जुहूचं कमला रहेजा, पुण्यात कर्वेनगरला मुलींसाठीचं भानुबेन नानावटी, पणजीला आल्तिनोवरचं गोवा कॉलेज ऑफ आर्किटेक्चर ही नावं तुमच्या कानावर येतीलच. पण नावावर थांबू नका. शक्य असेल तर कामाच्या दिवशी दुपारी जा. स्टुडिओत मुलं बसलेली आहेत की टेबलं रिकामी आहेत? भिंतीवर फक्त चकचकीत प्रिंट आहेत की कच्ची ट्रेसिंगं आणि अर्धवट मॉडेलंही आहेत? वाचनालय किती वाजेपर्यंत उघडं असतं? तिसऱ्या वर्षातल्या एखाद्या मुलीला विचारा, ‘डिझाइनचे सर-मॅडम आठवड्यातून किती वेळा तुझं शीट बघतात?’ या एका उत्तरातून जेवढं कळतं तेवढं माहितीपत्रकातून कळत नाही.

पहिलं सत्र: सामान आणि रेषा

दुकानदार देईल ती सगळी यादी घेऊ नका. ड्रॉइंग बोर्ड, टी-स्केल किंवा मिनी-ड्राफ्टर, सेट स्क्वेअर, त्रिकोणी स्केल, क्लच पेन्सिल, स्टीलची पट्टी, कटर आणि कटिंग मॅट एवढ्यावर सुरुवात होते. बोर्ड आणि ड्राफ्टर सीनियरकडून अर्ध्या किमतीत मिळतो. लॅपटॉपची घाई करू नका. बहुतेक कॉलेजांत पहिल्या वर्षी हातानेच काढायचं असतं, आणि तेच योग्य आहे. ऑटोकॅड, रेव्हिटसारखी ऑटोडेस्कची सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना शैक्षणिक परवान्यावर फुकट मिळतात, त्यासाठी पैसे घालू नका आणि चोरीची प्रत तर नकोच.

पहिल्या महिन्यात एकच गोष्ट पक्की करा: रेषेची जाडी. प्लॅन (इमारत आडवी कापून वरून पाहिलेली) किंवा सेक्शनमध्ये (उभी कापून समोरून पाहिलेली) जे कापलं गेलंय, म्हणजे भिंत, स्लॅब, जमीन, ते जाड. कापलेलं नाही पण समोर दिसतंय ते मध्यम. फरशीची रेघ, दाराच्या उघडण्याची कमान ही बारीक. डोळे मिटून उघडल्यावर शीटवर आधी भिंती दिसल्या पाहिजेत. सगळ्या रेषा एकाच जाडीच्या असतील तर उत्तम डिझाइनही शीटवर मेलेलं दिसतं.

त्यासोबत स्केल अंगात भिनायला हवं. १:५०ला ३ मीटर बाय ३.६ मीटरची खोली कागदावर ६० बाय ७२ मिलिमीटर होते. आपली झोपायची खोली पलंग, कपाट, खिडकीसकट या स्केलला काढा. मग स्वयंपाकघर. मग अख्खं घर. ओट्याची उंची, दाराची रुंदी, दोन माणसं एकमेकांना ओलांडून जातील एवढा बोळ, ही मापं आपल्याच घरात मिळतात.

जुनी वास्तू मोजायची कशी

‘मेझर्ड ड्रॉइंग’, म्हणजे उभी वास्तू मोजून तिची ड्रॉइंगं काढणं, हा अभ्यासक्रमातला भाग बरेच जण सहलीसारखा उरकतात. माझ्या मते पाच वर्षांत याच्याइतकं काहीच शिकवत नाही. समजा, एखाद्या वाड्याची ओसरी आणि चौक मोजायचा आहे.

तिघांचा गट करा. एक जण टेपचा शून्य धरतो, दुसरी आकडा वाचते, तिसरा लिहितो आणि लिहिलेला आकडा मोठ्याने परत म्हणतो. ही परत म्हणायची शिस्त मोडली की ‘साठ’चा ‘सात’ होतो. सोबत ५ मीटरची स्टीलची टेप, ३० मीटरची लांब टेप, ओळंबा, पाण्याची लेव्हल नळी आणि ए३ कागद लावलेलं पॅड ठेवा.

आधी अर्धा तास टेपला हातही लावू नका. फिरा, आणि नजरेच्या अंदाजाने पूर्ण पानभर प्लॅन काढा. खांबांना क्रमांक द्या, उत्तर दिशा टाका. मग मापं. एका कोपऱ्यात शून्य पक्का धरून सलग वाचत जा: पहिल्या खांबाची अलीकडची कड, पलीकडची कड, दुसऱ्या खांबाची कड, असं भिंतीच्या शेवटापर्यंत. प्रत्येक खण वेगळा मोजून बेरीज केली तर प्रत्येक मापातली दोन-चार मिलिमीटरची चूक साठत जाते, सलग मापांत ती साठत नाही.

त्यानंतर दोन्ही कर्ण मोजा. जुन्या इमारतीत कोपरा काटकोनात असेलच असं नाही, आणि हे चार बाजूंच्या मापांवरून कळत नाही. चौक आयताकृती दिसतो, पण कर्णांत हातभर फरक निघतो. भिंतीची जाडी दाराच्या चौकटीपाशी मिळते. उंचीसाठी रस्त्यापासून जोतं, जोत्यापासून तुळईचा तळ, तुळईपासून कडीपाट (लाकडी छत) असं वर चढत जा. जोत्याची पातळी सगळीकडे सारखी आहे का, ते नळीने तपासा.

मग एका खांबापाशी बसा. तळखडा, म्हणजे खांबाखालचा आधार, दगडाचा का, लाकूड थेट जमिनीवर का टेकवलं नाही, हे हात लावून बघितलं की ओलाव्याचा धडा कायमचा कळतो. पुण्यात असाल तर विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागातले सुरूदार, म्हणजे सुरूच्या झाडासारख्या आकाराचे, खांब बघा आणि एक खांब पूर्ण आकारात, कोरीवकामासकट काढायचा प्रयत्न करा.

त्याच संध्याकाळी सगळं स्केलला काढून टाका. कर्ण जुळला नाही तर दुसऱ्या दिवशी जाऊन ते एक माप पुन्हा घेता येतं. महिन्याने काढायला बसलात तर आपलंच अक्षर कळत नाही आणि मग अंदाजपंचे आकडे भरले जातात.

डिझाइनचा प्रश्न हातात आला की

दुसऱ्या वर्षात पाळणाघर, छोटा दवाखाना, ग्रंथालय असं काहीतरी मिळतं. समजा, सहा आठवडे आहेत.

पहिला आठवडा साइटचा. एकदा सकाळी जा, एकदा दुपारी चारला. ऊन कुठून येतं, वारा कुठून, पाणी कुठे साचतं, लोक कुठून चालत येतात, झाडं कोणती आणि त्यांचा घेर किती, शेजारच्यांच्या खिडक्या कुठे उघडतात, हे प्लॅनवर लिहा. नुसते फोटो काढून आलात तर साइट पाहिली नाही असंच समजा. त्याच आठवड्यात तशाच कामाच्या एक-दोन चालू इमारती बघा आणि तिथे काम करणाऱ्यांशी बोला. पाळणाघरातल्या मावशी ओल्या कपड्यांची दोरी कुठे बांधतात, हे कुठल्याच पुस्तकात सापडत नाही.

दुसऱ्या आठवड्यात तीन पर्याय काढा. एकमेकांपासून खरोखर वेगळे तीन: एक चौकाभोवतीचा, एक लांबट, एक उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारा. एकच कल्पना असेल तर सरांनी बोट ठेवलं की मन खचतं. तीन असतील तर चर्चा होते. प्रत्येकाचं पुठ्ठ्याचं पाच-दहा मिनिटांत होणारं मॉडेल करा. तिसरा-चौथा आठवडा एका पर्यायावर काम. पाचव्या आठवड्याच्या मध्यावर डिझाइन थांबवा. मला माहीत आहे की त्या दिवशीच सगळ्यात चांगली कल्पना सुचते. ती वहीत लिहा, पुढच्या प्रश्नात वापरा. उरलेले दिवस शीटचे.

या काळात सगळ्यात जास्त वेळ कशाला द्यायचा, तर सेक्शनला. मुलं प्लॅन सजवत बसतात आणि सेक्शन शेवटच्या रात्री काढतात. जिन्याचंच बघा. मजल्याची उंची ३ मीटर आणि पायरीची उंची १५० मिलिमीटर धरली तर २० चढ लागतात. दोन फेऱ्यांचा जिना केला तर प्रत्येक फेरीत १० चढ आणि ९ पायऱ्या, कारण दहावा चढ थेट चौथऱ्यावर किंवा मजल्यावर पोचतो. पायरी ३०० मिलिमीटर रुंद धरली तर २.७ मीटर, त्यात मधला चौथरा १.२ मीटर, म्हणजे ३.९ मीटर, आणि वर पोचल्यावर उभं राहायला आणखी १.२ मीटर. फेरी १.२ मीटर रुंद असेल तर जिन्याची जागा साधारण २.५ बाय ५.१ मीटर होते. पहिल्या प्लॅनमध्ये बहुतेकांनी याच्या निम्मी जागा ठेवलेली असते, आणि मग सगळ्या खोल्या सरकतात. म्हणून जिना आधी, सोफा नंतर.

छज्जाही असाच हिशेबाने काढा. पुणे साधारण १८.५ अंश अक्षांशावर आहे. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ७१.५ अंशांवर असतो, २२ डिसेंबरला सुमारे ४८ अंशांवर, तोही दक्षिणेकडे. दक्षिणेच्या भिंतीत १.२ मीटर उंचीची खिडकी आणि तिच्या माथ्यालगत ४५ सेंटिमीटरचा छज्जा असेल तर विषुवदिनी दुपारी सावली १.३ मीटरपर्यंत उतरते, म्हणजे खिडकी पूर्ण झाकली जाते. डिसेंबरात सावली जेमतेम अर्धा मीटर पडते आणि खालच्या भागातून थंडीतलं ऊन आत येतं. हाच छज्जा पश्चिमेला निरुपयोगी, कारण संध्याकाळचं ऊन समोरून, कमी उंचीवरून येतं. तिथे उभ्या पट्ट्या, झाड, जाळी किंवा सरळ छोटी खिडकी. हा हिशेब एकदा स्वतः केला की ‘क्लायमेट रिस्पॉन्सिव्ह’ (हवामानाला साजेसं) हा शब्द शीटवर ठळक लिहायची गरज उरत नाही.

क्रिट आणि जुरी

क्रिटला, म्हणजे चालू कामावर शिक्षकांशी होणाऱ्या चर्चेला, अर्धवट काम घेऊन जा. ‘अजून झालं नाही सर’ म्हणून दोन आठवडे तोंड लपवणारी मुलंच जुरीच्या, म्हणजे परीक्षकांसमोरच्या अंतिम सादरीकरणाच्या, दिवशी अडचणीत येतात. तुमचं शीट बघितलं जात असताना मित्राला तुमच्या वहीत लिहायला सांगा. आपण बोलत असताना निम्मं ऐकूच येत नाही. स्टुडिओतून निघण्याआधी त्यातून उद्या करायच्या तीन गोष्टी ठरवा.

जुरीत ‘माझा कन्सेप्ट आहे...’ने सुरुवात करू नका. साइटपासून सुरू करा: इथे हे दिसलं, म्हणून मी हे इथे ठेवलं. मोठा सेक्शन डोळ्यांच्या पातळीला लावा. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारा, त्यात काही कमीपणा नाही. टीका बोचली तरी ती रेषांवर आहे. आणि ती तुमच्यावर, तुमच्या कपड्यांवर, भाषेवर किंवा गावावर असेल, तर ती चूक आहे. ते खपवून घेऊ नका, विभागप्रमुखांशी बोला. ग्रामीण भागातून, मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना मी आवर्जून सांगते: इंग्रजीत अडलात तर मराठीत समजावून सांगायची परवानगी मागा, ड्रॉइंग तुमच्यासाठी बोलतंच.

नाइट मारण्याचं कौतुक या क्षेत्रात फार आहे. ते थांबायला हवं. पहाटे तीनला झोपाळलेल्या हातात कटर धरून बोट कापून घेतल्याची उदाहरणं प्रत्येक बॅचमध्ये असतात. नवं पातं लावा, स्टीलच्या पट्टीला धरून कापा, आणि रात्री बारानंतर पातं हातात घेऊ नका.

बाकीचे विषय

बांधकाम तंत्र साइटवर शिकायचं. स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी जा: सळ्यांची जाळी, तिला खालून वर धरणारे कव्हर ब्लॉक, विजेच्या नळ्या सगळं उघडं दिसतं, दुसऱ्या दिवशी काँक्रीटखाली जातं. हेल्मेट आणि बंद बूट घालूनच. स्ट्रक्चरच्या गणिताला घाबरू नका, पण अंदाज पाठ ठेवा: साध्या काँक्रीटच्या तुळईची खोली गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, साधारण बाराव्या हिश्श्याइतकी, म्हणजे ६ मीटरला अर्धा मीटर. इतिहास चित्रांतून अभ्यासा. वेरूळचं कैलास लेणं वरून खाली कोरत आणलंय, हे वाक्य पाठ करण्याऐवजी त्याचा सेक्शन काढा, तो विसरला जात नाही. नियमावलीची ओळख तिसऱ्या वर्षापासूनच करून घ्या. राज्यात बहुतेक ठिकाणी लागू असलेली २०२०ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, नोकरीच्या पहिल्या आठवड्यातच हातात पडते.

इंटर्नशिप

एक सत्र नोंदणीकृत आर्किटेक्टकडे प्रत्यक्ष काम करायचं असतं. मोठ्या नावाच्या कार्यालयात सहा महिने टॉयलेटच्या टाइल्सचा लेआउट काढण्यापेक्षा, दहा जणांच्या कार्यालयात रोज साइटवर जायला मिळणं मला जास्त मोलाचं वाटतं. मुलाखतीत तुम्हीही विचारा: साइटवर नेणार का, वर्किंग ड्रॉइंग (बांधकामासाठीची ड्रॉइंगं) कोण तपासणार, मानधन किती. मानधन विचारणं हा उद्धटपणा नाही. फुकट राबवून घेणारी कार्यालयं आहेत. शक्य असेल तर त्यांना नकार द्या.

पोर्टफोलिओ पंधरा-वीस पानांचा पुरे. त्यात चार चांगली कामं, प्रत्येकाचं कच्चं स्केच, तुटकं मॉडेल आणि अंतिम ड्रॉइंग. एक पान मोजणीच्या ड्रॉइंगचं ठेवाच. कार्यालय चालवणारे लोक रंगीत रेंडर पटकन उलटतात, मापं लिहिलेल्या पानावर थांबतात.

थिसिस आणि नोंदणी

थिसिसचा, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या स्वतंत्र प्रकल्पाचा, विषय निवडताना जागा अशी घ्या की तिथे एसटीने किंवा लोकलने वारंवार जाता येईल. लडाखमधलं ध्यानकेंद्र मोहात पाडतं, पण एकदाच पाहिलेल्या साइटवर वर्षभर काम ओढूनताणून होतं. आपल्या तालुक्याचा आठवडी बाजार, बंद पडलेली गिरणी, बंदरावरची मासळी सुकवायची जागा, चाळीचा पुनर्विकास, हे विषय मोठेच आहेत. तिथल्या माणसांना तुम्ही पुन्हा पुन्हा भेटू शकता, आणि काम तिथेच घडतं.

पदवी मिळाली तरी ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी लगेच लावता येत नाही. १९७२च्या आर्किटेक्ट्स अॅक्टप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी केल्यावरच ती वापरता येते, आणि नूतनीकरणही वेळच्या वेळी करावं लागतं. सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका आणि इंटर्नशिपचं प्रमाणपत्र एका फाइलमध्ये जपून ठेवा, पदवी प्रमाणपत्र हातात आलं की आठवडाभरात अर्ज करा. बहुतेक कार्यालयांत सुरुवातीचा पगार इंजिनिअर मित्रांपेक्षा कमी असेल, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. एम.आर्च., नगररचना, वारसा संवर्धन किंवा लँडस्केपकडे वळायचं असेल तर आधी दोन वर्षं साइटवर काढा. कोणत्या शाखेत जायचं, हे तिथे जास्त स्पष्ट कळतं.